दाजींचं गोल घर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, असं माझी बायको रत्नमाला म्हणती, आणि ती खोटं बोलत नाय. तेव्हा दाजींची गोष्ट सांगता सांगता मी मधीच कोणाला शिव्या घातल्या तर मनावर घेऊ नका. त्यातल्या निम्म्या मलाच असतील.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, सांडू मोकासे. त्यांच्या आधीची तीन लेकरं गेली होती. म्हणून हे जन्मले तसं त्यांच्या आईनं त्यांना उकिरड्यावर टेकवून परत उचललं आणि नाव ठेवलं सांडू. टाकून दिलेलं लेकरू नेऊन यमाला तरी काय करायचंय, अशी जुन्या लोकांची समजूत. यम फसला म्हणायचा, कारण दाजी आज एकसष्ट वर्षांचे आहेत आणि एक गुडघा सोडला तर ठणठणीत आहेत.

चौतीस वर्षं त्यांनी एसटीच्या वर्कशॉपात शीटं शिवली. फाटकं रेक्झिन उसवून काढायचं, फोम भरायचा, नवं रेक्झिन ताणून बसवायचं आणि दाभणानं टाके घालायचे. लग्नाकार्यात भेटले की म्हणायचे, "तात्या, कन्नडहून वैजापूरला जा नाय तर पैठणला जा, बूड तुझं माझ्याच शिवणीवर टेकतंय." अक्का डोळे वटारायची. "चार सोयऱ्यांत काय बोलावं ते कळतं का तुम्हाला?" दाजी गालात हसायचे.

सारजाअक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई सदा आजारी, बापू शेतात, त्यामुळं मला कडेवर वागवलं ते अक्कानंच. तिचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वऱ्हाडाच्या टेम्पोमागं गावच्या शिवेपर्यंत बोंबलत पळालो होतो म्हणे. मला आठवत नाय, पण गावातली म्हातारी माणसं अजून चिडवतेत.

पुढं दाजींनी शहरात, गारखेड्यात, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. एकुलती एक लेक मंजुषा, ती लग्न होऊन पुण्याला गेली. अक्काचा सगळा जीव देण्याघेण्यात. शेजारणीनं वाटीभर लोणचं दिलं तर ती वाटी परत जाताना तिच्यात दोन लाडू जायचे, लाडू नसले तर शेंगदाणे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. "रिकामं भांडं परत दिलं का येणंजाणं संपलं," असं ती म्हणायची. कोणाकडून काय आलं, कोणाला काय गेलं, कोणाच्या बारशाला कोणतं पातेलं, सगळं तिच्या डोक्यात. दाजींनी त्यात कधी लक्ष घातलं नाय. पगार आणून दिला आणि पाव्हणा आला की "या, बसा" म्हणलं, एवढंच त्यांचं काम.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात अक्का गेली. सकाळी साडेआठला, स्वयंपाकघरात. दाजींना करपलेल्या भाकरीचा वास आला म्हणून ते आत गेले, तर भाकर तव्यावर आणि अक्का खाली.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा शहरात गेलो की अद्रक, भाजी, काही ना काही घेऊन त्यांच्याकडं जायचो. एकदा गेलो तर आतल्या खोलीतून बायांचं बोलणं ऐकू आलं. म्हणलं, "पाव्हणे आलेत व्हय दाजी?"

"नाय रे. टीव्ही हाय."

"मग तुम्ही इथं हॉलमधी अन् टीव्ही तिथं काहून?"

"आत कोणीतरी हाय असं वाटतं," दाजी म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. मी विषय बदलला.

गेल्या वर्षी दिवाळीला मंजुषा आली होती. तिच्या पोरानं, सार्थकनं, आजोबाला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी थंडीच्या मुलखातले मेंढपाळ गोल घर बांधून राहतेत. लाकडाची जाळी, तिच्यावर लोकरीचा नमदा, वरून कापड, मधोमध उजेडाला भोक. त्याला म्हणे युर्ट म्हणतेत. आता तर मोठमोठ्या देशांतली माणसं बंगले सोडून असल्या घरात राहायला चाललीत, सुटसुटीत जगायचं म्हणून. दाजींनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला आणि म्हणाले, "हे तर धनगराचं पालच की. जरासं शिकलेलं."

पंधरा दिवसांनी मला फोन आला. "तात्या, विहिरीच्या वरच्या अंगाला आंबा हाय ना, त्याच्या बाजूची जागा मला देतोस का? अठरा फुटाचं रिंगण. पीक नाय मोडणार तुझं."

मला वाटलं, साठी बुद्धी नाठी म्हणतेत ते हेच. "दाजी, घरी या, वरची खोली मोकळी हाय. पाल कशाला ठोकता?"

"कोणाच्या खोलीत नाय राहायचं. फ्लॅटमधीबी नाय राहायचं. एवढ्या खोल्या, एवढी भांडी, एवढी कपाटं, पुसून पुसून बेजार झालो मी. एकट्याला काय लागतं?"

"मग एकट्याला अठरा फूट कशाला? आठ बास की."

"माप काढलंय मी," दाजी म्हणाले. कसलं माप ते सांगितलं नाय. मीबी विचारलं नाय. जागा दिली. अक्काच्या बापाचंच रान होतं ते, मी नाय म्हणणारा कोण?

मग दाजी जे कामाला लागले! बुरूडगल्लीतून बांबू आणला. माझ्या परड्यात मोडक्या बैलगाडीचं चाक पडलेलं होतं, त्याची लोखंडी धाव, चाकाभोवतीचं कडं, वरच्या भोकाला नेली. एका धनगराकडून वीस-बावीस घोंगड्या घेतल्या आणि गारखेड्यात खाली पार्किंगमधी बसून, चष्मा नाकावर, दाभणानं एकमेकींना शिवल्या. वरून ताडपत्री, आणि दाराला एसटीच्या शीटासारखं हिरवंगार रेक्झिन. सोसायटीचा चेअरमन खाली येऊन म्हणाला, "मोकासे, ही पार्किंग हाय का मंडपवाल्याचं गोडाऊन?" दाजी म्हणाले, "दोन महिने कळ काढा, मग माझी कायमचीच जागा मोकळी होईल." चेअरमन खुश झाला. माणूस चाललाय म्हणल्यावर लोक किती लवकर खुश होतेत!

फ्लॅट मंजुषाच्या नावावर करून दिला. दिवाण, कपाट, सोफा जो मागंल त्याला दिला. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. आणि मग दाजींनी भांड्यांना हात घातला.

आमच्याकडं लग्नात भांड्यांचा आहेर देतेत, आणि भांड्यावर मशीननं नाव घालतेत, हे तुम्हाला माहीतच आहे. कोणाकडून कोणाला, तारखेसकट. अक्काची मांडणी अशा नावांनी भरलेली होती. मामाची परात, मावशीचा डबा, आत्याचं घंगाळ, चुलत्याच्या पितळी समया. सदतीस वर्षांपूर्वीची भांडी, अक्कानं घासून घासून नावं पुसट झालेली. दाजींनी काय करावं? एक एक भांडं घेतलं, नाव वाचलं, आणि ज्याचं त्याला नेऊन दिलं. एसटीनं. पिशवीत भांडं घालून, एक एक गाव. कन्नड, बिडकीन, पैठण, फुलंब्री. तेवीस घरं फिरले.

मला कळलं ते मावशीच्या फोनवरून. मावशी ऐंशीच्या पुढं, रडायलेली. "तात्या, आमचं काय चुकलं रे? सारजेच्या लग्नातला डबा जावई परत देऊन गेले. आमचं तोंड नाय बघायचं का त्यांला?" मग बिडकीनच्या मामाचा फोन. मग आत्याच्या पोराचा. त्यानं तर मला चांगलंच झाडलं. आहेर परत कधी करतेत? लग्न मोडलं तर, सोयरीक तुटली तर. भाऊबंदकीच्या भांडणात माणसं एकमेकांची भांडी दारात आणून आपटतेत, तो त्याचा अर्थ. आणि हे हसत हसत देऊन आले!

दाजी माझ्याकडं आले सगळ्यात शेवटी, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, टेम्पोत घर घालून. टेम्पोतून आधी उतरवला तो तांब्याचा हंडा. त्याच्यावर लिहिलेलं होतं, "चि. सौ. कां. सारजा हिस आईबापूंकडून." बापूनं त्या वर्षी कपाशी विकून घेतलेला हंडा. तो हंडा दाजींनी माझ्या ओट्यावर ठेवला. आत तळाला मूठभर साखर होती.

माझं डोकं फिरलं. "दाजी, हे काय करायलात तुम्ही?"

"अरे, वर्कशॉपात आमचं असंच. रिटायर होताना ज्याच्या नंबरचं हत्यार त्याला जमा करायचं. मग मोकळं व्हायचं."

"ही काय पाने-पक्कड हाय का? माझ्या बापाचा हंडा हाय हा! अक्का गेली तशी सोयरीकबी गेली म्हणा ना सरळ. एवढं फिरायचं कशाला, पोस्टानं पाठवायचं!"

दाजी काहीतरी बोलणार होते, तोंड उघडलंबी, पण तेवढ्यात रत्नमाला पाणी घेऊन आली. पाणी प्याले, टेम्पोवाल्याला म्हणाले, "चल रे, आंब्याकडं घे." मी हंडा तसाच साखरेसकट माळ्यावर टाकला.

त्या दिवसापासून पाच महिने मी त्यांच्याशी बोललो नाय. माझ्याच रानात, माझ्याच विहिरीचं पाणी पिणारा माणूस, हाकेच्या अंतरावर, आणि मी तोंड फिरवून चालायचो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाय, ते माझ्याबद्दलच म्हणलंय कोणीतरी.

घर मात्र झक्क उभं केलं होतं. सुरुवातीला गाव बघायला लोटलं. कोणी म्हणालं सर्कस आली, कोणी म्हणालं धान्याची कणगी. कणगी हेच नाव पडलं. "कणगीत दाणे किती दाजी?" असं पोरं विचारायची. दाजी म्हणायचे, "एकच, अन् तोबी किडका." पंधरा दिवस गर्दी राहिली, मग रोजचंच झालं आणि कोणी फिरकेना.

मी बोलत नव्हतो, पण बघत होतो. मोटार चालू करायला विहिरीवर गेलं की नजर तिकडं जायचीच. घरात सामान म्हणजे एक सतरंजी, एक ताट, एक वाटी, एक पेला, एक पातेलं, गॅसची लहान शेगडी, पाण्याची घागर आणि अक्काचा फोटो. गोल घराला सपाट भिंत नसती, त्यामुळं फोटो लटकतच राहिलेला, वारा आला की हलायचा. दाजी दिवसभर हिरवं रेक्झिन वर गुंडाळून दारात बसायचे, रस्त्याकडं तोंड करून. एसटी थांब्यावर थांबली की मान उंच करून बघायचे कोण उतरतंय. उतरणारा दुसऱ्या वाटेनं गेला की मान खाली. दिवसातून सात गाड्या. सात वेळा मान वर, सात वेळा खाली. मी मुद्दाम मोजलं नाय, आपोआप मोजलं गेलं.

आमचं सोडून बाकीच्या बावीस घरांतला एकबी माणूस त्या पाच महिन्यांत आला नाय. मंजुषा एकदा आली, संध्याकाळी परत गेली. "बाबा, पुण्याला चला," म्हणाली. दाजी म्हणाले, "इथं बरं हाय. सुटसुटीत." रत्नमाला अधूनमधून भाजीभाकर द्यायची, पण माझ्या चोरून.

भादव्यात पित्राचा पंधरवडा लागला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पित्र नवमीला घालतेत, आणि त्या दिवशी सवाष्ण जेवू घालावी लागती. सवाष्ण जेवली म्हणजे गेलेली बाई जेवली. आधीची दोन पित्रं गारखेड्यात झाली, कशीबशी, विकतच्या डब्यांवर. यंदा दाजींनी सगळ्यांना फोन लावले. उरलेल्या बावीसच्या बावीस घरांना. मंजुषाचं पोराच्या परीक्षेमुळं जमणार नव्हतं. रत्नमालाला बांधावर गाठून म्हणाले, "वहिनी, नवमीला या. तात्यालाबी सांगा." तिनं सांगितलं. मी म्हणालो, "आहेर परत करणाऱ्याच्या घरी कोण जेवतं?"

नवमीला मी सकाळपासून विहिरीपाशी काम काढलं. मोटारीला काही झालेलं नव्हतं, तरी पाना घेऊन बसलो. कणगीच्या वरच्या भोकातून धूर निघायलेला. तळणाचा वास आला. मग दाजी बाहेर आले, आंब्याखाली केळीच्या पानावर घास ठेवला, हात जोडले. कावळा लगेच आला, घास उचलून गेला. दाजी दारात बसले. अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीचा.

साडेबाराची गाडी आली. दाजींनी मान वर केली. गाडीतून दोन कॉलेजची पोरं उतरली. दीडची गाडी थांबलीच नाय. कावळा आला, पण माणूस आलं नाय.

घरी जेवायला गेलो तर चूल बंद. रत्नमाला हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून उभी. पायाशी बापूचा हंडा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला, पाण्यानं भरलेला.

"हे काय?"

"मी चाललेय भाऊजींकडं. अक्काचं सवाष्णीचं पान हाय ते, उपाशी राहिलं तर मला पाप लागंल. तुम्ही नका येऊ. तुम्ही तुमचा राग सांभाळत बसा. कोणी चोरून न्यायचं एखाद्या वेळी."

अशी बोलती ती. तिनं हंडा उचलला आणि कमरेवर घेतला. भरलेला तांब्याचा हंडा, तिची कंबर आधीच दुखती. चार पावलं गेली असंल, मी मागून जाऊन तो काढून घेतला. "वजन लई हाय म्हणून घेतो," म्हणलं. "जेवायला नाय येत."

"बरं," ती म्हणाली.

दाजींनी आम्हाला लांबून बघितलं आणि उभे राहिले. जवळ गेलो तर माझ्याकडं बघंनात, हंड्याकडंच बघायलेले. मी वाकून त्या हिरव्या दारातून आत गेलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आत गोल कडेनं पत्रावळी मांडलेल्या होत्या. दारापासून दारापर्यंत. प्रत्येकीपुढं द्रोण, प्रत्येकीभोवती पाण्याचा हात फिरवलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येकीवर एक एक गोटा. मी मोजल्या, पंचवीस. एकीवरबी माणूस नाय. मधोमध वरच्या धावेतून उजेड पडलेला, त्या उजेडात खिरीचं पातेलं, कढीचं पातेलं, वड्यांची पाटी. पातेली गावातल्या मंडपवाल्याकडून भाड्यानं आणलेली.

"दाजी," मी म्हणालो, "हे अठरा फुटाचं माप..."

"पंचवीस माणसं बसतेत," दाजी म्हणाले. "एका माणसाला दोन फूट धरले, दार सोडलं, तर बरोबर पंचवीस. तुझ्या अक्काच्या तेराव्याला फ्लॅटमधी पंगत बसली, आठवतंय? आठ जण हॉलमधी, सहा बेडरूममधी, बाकीचे जिन्यात. कोण जेवलं, कोण उपाशी गेलं, मला दिसलंच नाय. तवाच म्हणलं, एकच खोली करू. गोल. सगळ्यांला सगळे दिसले पाहिजेत."

मी खाली बसलो. मोबाईल काढला आणि आत्याच्या पोराला लावला. "गाडी काढ अन् ये," म्हणलं. त्याच्या दुकानात माल आलेला. मामाला लावला, मामाच्या पायाला सूज. मावशीच्या सुनेनं फोन घेतला आणि आवाज येत नाय म्हणून ठेवून दिला. बाहेर जाऊन मी दोघातिघांना अशा शिव्या घातल्या की आंब्यावरचे कावळे उडाले. पण खरं सांगू? त्यांना तापवलं होतं मीच. "तुमचं बरोबर हाय, दाजींना अक्कलच नाय," असं त्या पाच महिन्यांत प्रत्येकाला मीच म्हणालो होतो.

आत आलो तेव्हा रत्नमाला पानावर बसली होती. दाजींनी तिला तिच्याच हातानं हळदकुंकू लावून घ्यायला सांगितलं, ओटी भरली, वाढलं. मग मला वाढलं. मग माझ्या समोरच्या कडेला जाऊन स्वतः बसले. आमच्या दोघांच्या मधी बावीस पत्रावळी, गोट्यांखाली दबलेल्या.

"दाजी, चुकलं माझं," मी म्हणालो. "पण तुम्ही ती भांडी तेवढी परत करायला नको होती. लोकांला वाटलं संबंध तोडला."

दाजींनी हातातला घास खाली ठेवला.

"मला काय माहीत रे, तात्या. देणंघेणं सगळं तिच्याकडं व्हतं. ती गेली अन् मला कोणाच्या घरी जायला कारणच राहिलं नाय. उगं कसं जायचं? काय काम हाय म्हणून विचारलं तर काय सांगायचं? एक दिवस तिच्या परातीवर मामाचं नाव वाचलं. म्हणलं, ही घेऊन जावं. भांडं हातात असलं म्हंजे दार वाजवता येतं. रिकामं नेऊ नये एवढं तिच्याकडून ऐकलेलं. म्हणून साखर घातली. काही जणांनी दारातूनच घेतलं. पण घेतलं."

रत्नमालानं पदर तोंडाला लावला. मी खीर प्यालो. अक्का करायची तशी नव्हती, गूळ जास्त झालेला, तरी दोनदा मागून घेतली.

निघताना दाजींनी आपल्या वाटीत खीर भरली, वरून पान झाकलं आणि माझ्या हातात दिली. "रात्री खा," म्हणाले. हंडा आम्ही तिथंच ठेवला. तो आता त्यांच्या दाराशी असतो, पाणी भरलेला.

दुसऱ्या दिवशी वाटी परत करायची होती. रिकामी कशी न्यायची? रत्नमालानं तिच्यात शेंगदाण्याची चटणी घातली. दाजींनी चटणी काढून घेतली, वाटी धुतली, संध्याकाळी तिच्यात दोन पेरू ठेवले आणि परत माझ्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी मी ताक नेलं. त्यांनी आमटी दिली. असं चाललंय आता, रोज. बाकीच्या बावीस घरांचं मला माहीत नाय. मावशीला मी सगळं समजावून सांगितलं, ती नातवाच्या गाडीवर बसून येऊन गेली. बाकीचे "बघू" म्हणतेत. त्या मेल्यांच्या बघण्यावर माझा भरवसा नाय.

परवा सोमवारी मी कन्नडच्या बाजाराला गेलो. आल्याचं बियाणं बघायचं होतं, तिथं एक ओळखीचा भेटला, गप्पा झाल्या, परतायला चार वाजले. रस्त्यावरूनच दिसलं, दाजी दारात बसलेले. जवळ गेलो तर शेगडीवर पातेलं, पातेल्यात डाळ, गार पडून वर साय धरलेली. बाजूला ताटात भाकर, फडक्यात झाकलेली, मोडलेली नाय.

"दाजी, जेवला नाय अजून? चार वाजले!"

"वाटी तुझ्याकडं हाय ना," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या माणसाच्या घरात वाटी एकच आहे. रोज संध्याकाळी तीच ते माझ्या हातात देतेत, आणि दुसऱ्या दिवशी मी येईपर्यंत वाटीशिवाय बसून राहतेत.

"अहो, ताटात घेऊन खायचं की! नाय तर मी चार वाट्या आणून देतो. आमच्याकडं ढीगभर पडल्यात."

"नको," दाजी घाईघाईनं म्हणाले. "चार झाल्या तर तू उद्या कशाला येशील?"

मी पिशवीतून वाटी काढली. बाजाराच्या गडबडीत तिच्यात काही घालायचं राहून गेलं होतं. तशीच धरून उभा राहिलो, मग खिशात बाजारातले फुटाणे सापडले, ते मूठभर घातले आणि वाटी त्यांच्यापुढं ठेवली. दाजींनी फुटाणे ताटात ओतले, वाटी पुसली आणि डाळ वाढून घेतली. मी समोर बसलो, ते जेवून वाटी धुईपर्यंत.